पाणबुडी बुडते तेव्हा

भंडारा जिल्ह्याला पाण्याचे अप्रूप नाही. तलावांचा जिल्हा म्हणूनच तो ओळखला जातो. वैनगंगा अंगणातून वाहावी तशी वाहते आणि धानाच्या बांधीत गुडघाभर चिखलात उभे राहिल्याशिवाय इथल्या शेतकऱ्याचा पावसाळा सरत नाही. समुद्र मात्र शेकडो किलोमीटर दूर. इथली कित्येक माणसे आयुष्यात एकदाच समुद्र पाहतात, तोही पुरीच्या किंवा मुंबईच्या सहलीत, पायाचे तळवे भिजतील इतकाच. आणि तरीही पाणबुडीचा सिनेमा लागला की हाच प्रेक्षक श्वास रोखून बसतो. पडद्यावर कुणी कुजबुजले तर घरातलीही माणसे कुजबुजत बोलू लागतात.

असे का होत असावे? माझ्या मते त्याचे कारण साधे आहे. पाणबुडीला खिडकी नसते. आतल्या माणसाला समुद्र दिसत नाही, शत्रू दिसत नाही, आपल्याकडे येणारा पाणतीरही दिसत नाही. त्याला फक्त ऐकू येते. प्रेक्षकाचीही अवस्था नेमकी तीच असते. कानाला यंत्र लावून बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहत आपण अंदाज बांधत राहतो. बंद खोली, मोजकी हवा, बाहेर अंधार आणि बाहेर पडायला वाट नाही. ही भीती समजायला समुद्र पाहिलेला असण्याची गरज नाही. लहानपणी धानाच्या कोठीत लपलेल्या आणि वरून झाकण पडलेल्या कुठल्याही पोराला ती ठाऊक असते.

आपल्याकडे या जातीचा पहिला मोठा सिनेमा १७ फेब्रुवारी २०१७ रोजी आला. हिंदीत ‘द गाझी अटॅक’, तेलुगूत ‘गाझी’. दिग्दर्शक संकल्प रेड्डी यांचा हा पहिलाच चित्रपट आणि त्याला तेलुगूतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. राणा दग्गुबाती, के के मेनन आणि आपले अतुल कुलकर्णी हे तिघे एका भारतीय पाणबुडीचे अधिकारी. नौदलप्रमुखांच्या भूमिकेत ओम पुरी होते. चित्रपट लागण्याच्या महिनाभर आधीच ते गेले होते. काळ १९७१ चा. युद्ध अजून जाहीर झालेले नाही. कप्तान शत्रूवर तुटून पडायला अधीर, त्याला आवरण्यासाठी पाठवलेला तरुण अधिकारी हुकमाला बांधलेला आणि या दोघांच्या मध्ये उभा असलेला, दोघांचेही पटणारा अतुल कुलकर्णींचा देवराज. शेवटी राष्ट्रगीताच्या सुरांवर शत्रूला डिवचले जाते, पाणतीर सुटतो आणि ‘गाझी’ फुटते. चित्रपटगृहात टाळ्या पडतात. त्या टाळ्या खोट्या नसतात.

आता इतिहास काय म्हणतो ते पाहू. ‘गाझी’ ही मूळची अमेरिकी पाणबुडी, नाव ‘डायब्लो’. दुसरे महायुद्ध संपत आले असताना, १९४५ साली, ती अमेरिकी नौदलात दाखल झाली आणि १९६४ साली पाकिस्तानला भाडेपट्ट्याने मिळाली. १९७१ साली ती पंचविशी ओलांडलेली जुनी बोट होती. पण कराचीहून निघून अख्ख्या हिंदुस्थानाला वळसा घालून बंगालच्या उपसागरापर्यंत जाण्याचा पल्ला पाकिस्तानच्या दुसऱ्या कुठल्याच पाणबुडीकडे नव्हता. १४ नोव्हेंबरला तिने कराची सोडले. कमांडर झफर मुहम्मद खान तिचे कप्तान. लक्ष्य होते आपली विमानवाहू नौका ‘विक्रांत’.

‘विक्रांत’ तेव्हा दूर अंदमानाकडे होती. पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल एन. कृष्णन यांनी ती विशाखापट्टणमच्या आसपासच आहे असे भासवणारे संदेश सोडण्याची व्यवस्था केली आणि ‘राजपूत’ ही जुनी विनाशिका त्या भागात फिरत ठेवली. ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री विशाखापट्टणमच्या किनाऱ्याजवळ ‘गाझी’ बुडाली. आतली नव्वदहून अधिक माणसे गेली. एकही वाचला नाही. ‘राजपूत’ने टाकलेल्या पाण्याखालच्या बॉम्बांनी ती बुडाली असे आपले नौदल सांगत आले. ती स्वतःच पेरलेल्या सुरुंगाने किंवा पोटातल्या स्फोटाने बुडाली असे पाकिस्तानच्या बाजूने सांगितले गेले. सांगायला कुणी उरलाच नाही म्हणून वाद उरला.

चित्रपटाने तिसरेच उत्तर दिले. एका भारतीय पाणबुडीने समोरासमोरच्या झुंजीत ‘गाझी’ला बुडवले, असे तो दाखवतो. अशी झुंज आपल्या अधिकृत इतिहासात नाही. सिनेमातल्या पाणबुडीचा ‘एस-२१’ हा क्रमांक खराच होता, पण तो ‘करंज’चा. मुंबईच्या पलीकडच्या करंजा बेटावरून नाव पडलेली ही पाणबुडी त्या युद्धात दुसऱ्याच टोकाला, अरबी समुद्रात, गस्त घालत होती. तिचे कप्तान कमांडर व्ही. एस. शेखावत यांना वीरचक्र मिळाले आणि पुढे ते नौदलप्रमुख झाले. माझगाव गोदीत बांधलेली नवी ‘करंज’ १० मार्च २०२१ रोजी मुंबईत नौदलात दाखल झाली, तेव्हा प्रमुख पाहुणे म्हणून हेच शेखावत हजर होते.

सिनेमा म्हणजे इतिहासाचे पाठ्यपुस्तक नव्हे, हे मान्य. कादंबऱ्या लिहिणाऱ्याने तरी याबद्दल तक्रार करू नये. मंडईच्या दिवसांत आपल्या झाडीपट्टीत रात्र रात्र नाटके चालतात, तिथेही खलनायक रंगमंचावर आल्याशिवाय मंडपात जीव येत नाही. सिनेमालाही समोर कुणीतरी लागतो. प्रश्न एवढाच की पाणबुडीच्या दुर्घटनेत हा ‘समोरचा’ खरोखर असतो का?

कधी कधी असतो. ‘गाझी’ बुडाल्यानंतर पाचच दिवसांनी, ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री, दीवच्या समुद्रात ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीने आपली ‘खुकरी’ बुडवली. काही मिनिटांत नौका पाण्याखाली गेली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी शक्य तितक्यांना बाहेर काढले आणि स्वतः नौकेबरोबर राहिले. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळाले. दीवला खुकरीचे स्मारक आहे, तर ‘हंगोर’ कराचीच्या संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. ज्या बोटीमुळे आपल्याकडे एकशे चौऱ्याण्णव घरांत अंधार झाला, ती पलीकडे मुलांना कौतुकाने दाखवली जाते. ‘गाझी’च्या बाबतीत हीच गोष्ट उलट बाजूने खरी आहे. युद्धाचा हिशेब असाच असतो.

पण गेल्या साठ-पासष्ट वर्षांतल्या पाणबुड्यांच्या मोठ्या दुर्घटना एकापुढे एक मांडल्या, तर वेगळेच चित्र दिसते. १९६३ साली अमेरिकेची ‘थ्रेशर’ चाचणी घेताना बुडाली, १२९ जण गेले. २००० साली रशियाची ‘कुर्स्क’, ११८ जण. २०१७ साली अर्जेंटिनाची ‘सान हुआन’, ४४ जण. २०२१ साली इंडोनेशियाची ‘नांगाला’, ५३ जण. यांतल्या एकीवरही शत्रूने पाणतीर सोडलेला नव्हता.

आपल्या महाराष्ट्रातली दुर्घटना याच मालिकेतली. १४ ऑगस्ट २०१३. मध्यरात्र नुकतीच उलटली होती. मुंबईच्या नौदल गोदीत ‘सिंधुरक्षक’ बांधून ठेवलेली होती. रशियात मोठी दुरुस्ती होऊन ती त्याच वर्षी परत आली होती. आठवडाभर आधी पूंछमध्ये आपले पाच जवान मारले गेले होते, सीमेवर वातावरण तापलेले होते आणि दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्यदिन. पाणतीर आणि क्षेपणास्त्रांनी भरलेली ही पाणबुडी पहाटे मोहिमेवर निघायची होती. पुढच्या भागात स्फोट झाले. आगीचा लोळ दक्षिण मुंबईतल्या लोकांनी पाहिला. थोड्याच वेळात ती धक्क्यालगतच बुडाली. ३ अधिकारी आणि १५ नौसैनिक आत होते. अठराही गेले. पाणबुडे आत उतरले तेव्हा आत चिखल होता, वितळून वाकलेले लोखंड होते आणि हाताला हात दिसत नव्हता. जी शरीरे मिळाली त्यांची ओळख पटवायला डीएनए तपासणी करावी लागली. जून २०१४ मध्ये पाणबुडी वर काढली, तपासली आणि २०१७ साली अरबी समुद्राच्या तळाशी कायमची सोडून दिली.

‘दास बूट’ हा १९८१ चा जर्मन चित्रपट पाणबुडीपटांचा बाप समजला जातो. त्यातली बोट समुद्रातल्या सगळ्या संकटांतून वाचते आणि घात होतो तो बंदरात, धक्क्याला लागल्यावर. तो शेवट पाहून मला वाटले होते की दिग्दर्शकाने जरा जास्तच केले. २०१३ च्या त्या ऑगस्टमध्ये तसे वाटेनासे झाले.

‘सिंधुरक्षक’ला कुणी बुडवले? घातपाताची चर्चा पहिल्या दिवसापासून होती. पण महालेखापरीक्षकांच्या २०१७ च्या अहवालातून चौकशीचे जे निष्कर्ष बाहेर आले, त्यांत शत्रूचे नाव नाही. त्यात आहे ती थकवा अगदी टोकाला गेलेल्या माणसांवर टाकलेली दारूगोळ्याची जबाबदारी आणि ठरवून दिलेल्या कार्यपद्धतीचे उल्लंघन. अशा अहवालाची भाषा कोरडी असते. त्या कोरड्या वाक्यांमागे अठरा घरे उभी आहेत.

माझी उमेदीची वर्षे बँकेत गेली, म्हणून या वाक्यांपाशी मी थांबलो. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन वेगवेगळ्या माणसांकडे असतात. एकट्याने तिजोरी उघडायची नाही, मग तो कितीही प्रामाणिक असो. हा नियम अविश्वासातून आलेला नाही. माणूस थकतो, घाई करतो, गृहीत धरतो, हे ओळखून कुणीतरी केलेला तो नियम आहे. मार्च एंडिंगच्या रात्री अकरा वाजता जुळवलेले आकडे सकाळी पुन्हा तपासावे लागतात, हे कुठलाही बँकवाला सांगेल. आमच्याकडे चूक झाली तर ताळेबंद जुळत नाही. पाणबुडीत चूक झाली तर सकाळच उजाडत नाही. आणि तणावाच्या काळात पहिला बळी जातो तो अशा नियमांचा. ‘आत्ता वेळ नाही’ हे वाक्य जिथे सुरू होते, तिथे दुर्घटनेची तयारी सुरू होते.

‘कुर्स्क’चीही गोष्ट अशीच. १२ ऑगस्ट २०००, युद्धसराव चालू होता. एका पाणतीरातले इंधन गळले आणि पहिला स्फोट झाला. दोन-सव्वादोन मिनिटांत दुसरा, कितीतरी मोठा. पण सगळेच लगेच गेले नाहीत. तेवीस जण मागच्या नवव्या कप्प्यात जमले. अधिकारी दिमित्री कोलेस्निकोव्ह यांनी अंधारात कागदावर त्यांची नावे लिहून ठेवली. वर रशियन नौदलाची सुटकेची धडपड अपुरी पडत होती आणि बाहेरची मदत घ्यायला दिवसांमागून दिवस गेले. अखेर नॉर्वेच्या पाणबुड्यांनी झडप उघडली तेव्हा नववा दिवस उलटला होता. २०१८ च्या ‘कुर्स्क’ चित्रपटात थॉमस विंटरबर्गने कॅमेरा वारंवार किनाऱ्यावर आणला. अधिकाऱ्यांसमोर उभ्या राहून उत्तर मागणाऱ्या बायका त्याने दाखवल्या. ‘गाझी’मध्ये किनाऱ्यावरची घरे जवळजवळ नाहीतच. खरे तर पाणबुडीच्या दुर्घटनेचा अर्धा भाग तिथेच घडत असतो, फोनशेजारी.

आपल्याकडे नाट्य नव्हते असे नाही. ‘सिंधुरक्षक’नंतर सहा-सात महिन्यांतच, २६ फेब्रुवारी २०१४ रोजी, मुंबईजवळच्या समुद्रात ‘सिंधुरत्न’च्या तिसऱ्या कप्प्यात धूर कोंडला. लेफ्टनंट कमांडर कपिश मुवाल आणि लेफ्टनंट मनोरंजन कुमार आगीशी झुंजत आतच राहिले. बाकीचे वाचले. त्या दोघांना मरणोत्तर शौर्यचक्र मिळाले. त्याच दिवशी नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. धुराने भरलेला कप्पा, तो अडवून धरणारी माणसे आणि खुर्ची सोडणारा प्रमुख. यात सिनेमाला लागते ते सगळे आहे. फक्त खलनायक नाही. म्हणूनच कदाचित यावर अजून कुणी मोठा सिनेमा काढलेला नाही.

हे सगळे आपल्यापासून दूर आहे असे भंडाऱ्याच्या माणसाने समजू नये. जवाहरनगरची आयुध निर्माणी आपल्या जिल्ह्यात १९६० च्या दशकापासून आहे. तिथली दारू देशाच्या सीमेवर जाते. २४ जानेवारी २०२५ च्या सकाळी तिथल्या एका इमारतीत स्फोट झाला, छत कोसळले आणि किमान आठ कामगारांचा जीव गेला. आवाज कित्येक गावांनी ऐकला. त्या दिवशी फाटकाबाहेर जी माणसे आत गेलेल्याच्या नावाची वाट पाहत उभी होती, त्यांना किनाऱ्यावरची प्रतीक्षा समजावून सांगायला नको. गणवेश नसलेले हे कामगारही देशाच्या दारूगोळ्याशी रोज बंद खोलीत राहतात. त्यांच्यावर कुणी सिनेमा काढत नाही.

पुढे त्याच वर्षी मे महिन्यात भारत-पाकिस्तान संघर्षाचे चार दिवस आले. त्यांतल्या एका रात्री काही वाहिन्यांनी आपल्या नौदलाने कराची बंदरावर हल्ला केल्याची बातमी मोठ्या आवाजात दिली. ती खरी नव्हती. सिनेमाची सवय बातमीला लागली की असे होते. घरी बसून बंदर बुडवणे सोपे आहे. ज्याचा मुलगा त्या वेळी खरोखर पाण्याखाली असतो, त्याच्या आईला त्या रात्री काय वाटले असेल, याचा विचार स्टुडिओत कुणी केला नसावा.

आणखी एक गोष्ट सांगतो. तिचा धागा आपल्या तुमसर तालुक्याशी जुळतो. चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणींमुळे मँगनीज हा शब्द तिकडच्या पोरांनाही ठाऊक असतो. १९७० च्या दशकात जाहीर झाले की हॉवर्ड ह्यूज या धनाढ्याचे ‘ग्लोमार एक्सप्लोरर’ नावाचे प्रचंड जहाज प्रशांत महासागराच्या तळाचे मँगनीज काढायला जात आहे. जगाने विश्वास ठेवला. प्रत्यक्षात ते वर काढायला गेले होते १९६८ साली सुमारे पाच किलोमीटर खोल पाण्यात बुडालेली सोव्हिएत पाणबुडी ‘के-१२९’. १९७४ साली तिचा एक तुकडा वर आला, त्यात सहा सोव्हिएत नौसैनिकांची शरीरे होती. शीतयुद्ध चालू होते, सगळे काम गुप्त होते, कुणी पाहणारे नव्हते. तरीही अमेरिकनांनी त्या सहा जणांना त्यांच्या ध्वजासह, लष्करी इतमामाने समुद्रात निरोप दिला आणि त्याचे चित्रीकरण करून ठेवले. १९९२ साली ते चित्रीकरण रशियाच्या अध्यक्षांच्या हाती देण्यात आले.

फेब्रुवारी २०२४ मध्ये बातमी आली की आपल्या नौदलाच्या खोल पाण्यात उतरणाऱ्या बचाव-यानाला विशाखापट्टणमजवळ ‘गाझी’चे अवशेष दिसले. ते हलवले गेले नाहीत. आत माणसे आहेत, त्यांना तिथेच असू द्यावे, हा नौदलाचा संकेत. मला यात त्या सिनेमातल्या सगळ्या पाणतीरांपेक्षा अधिक मोठेपणा दिसतो. वैनगंगेत कुणी बुडाले की गावकरी ढिवर बांधवांना हाक मारतात. डोंगा घेऊन ते पाण्यात उतरतात, बुडी मारतात. बुडालेला कुणाचा, कुठल्या गावचा, त्याच्याशी कुणाचे भांडण होते, हे त्या वेळी विचारायचे नसते. नौदलाने वेगळे काही केले नाही.

ज्या यानाला ‘गाझी’ दिसली, त्या जातीची दोन याने २०१८ पासून आपल्याकडे येऊ लागली. एक मुंबईला, एक विशाखापट्टणमला. पाणबुडी बुडाली तर आतल्यांना जिवंत वर आणणे हे त्यांचे काम. ‘नांगाला’ हरवली तेव्हा इंडोनेशियाच्या मदतीला आपल्या नौदलाने त्यांतले एक पाठवले होते. ते पोचण्याआधीच सगळे संपले होते, पण ते निघाले होते हे महत्त्वाचे.

मुलांना ‘गाझी’ जरूर दाखवा. चांगला सिनेमा आहे. फक्त तो संपल्यावर टीव्ही बंद करून त्यांना ‘सिंधुरक्षक’ची गोष्टही सांगा. आणि कधी विशाखापट्टणमला जाणे झाले तर समुद्रकिनाऱ्यावर वाळूत उभी केलेली ‘कुरसुरा’ पाहा. १९७१ च्या काळातलीच ही पाणबुडी, २००२ पासून संग्रहालय झालेली. तिच्यात एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात जायला गोल झडप आहे. मोठ्या माणसाला कंबरेत वाकून, आधी एक पाय, मग डोके, मग दुसरा पाय असे जावे लागते. मागे रांग असते, त्यामुळे थांबता येत नाही. तरी तिथे क्षणभर थांबून त्या झडपेचे जाड लोखंडी दार हाताने चाचपून पाहा. ते पलीकडून बंद झाले तर काय, एवढाच विचार मनात आला तरी पुरे. आपल्या वैनगंगेचे पाणी प्राणहितेतून गोदावरीत आणि गोदावरीतून ज्या समुद्राला मिळते, तो समुद्र तिथून चार पावलांवर असतो. ‘गाझी’ही त्याच पाण्यात आहे.